पाण्यावर उभा होता तो तूच

खेमराज,

स्मरणिकेसाठी तुझ्याबद्दल चार ओळी लिहून द्या, असं गावची मंडळी म्हणाली तेव्हा मी विचारलं, कशा चार ओळी? तर म्हणे जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण. मी म्हटलं, ते तलाठ्याला विचारा, त्याचं अक्षरही माझ्यापेक्षा बरं आहे. मी लिहीन तर खेमराजलाच लिहीन, कारण आमचं एक भांडण सुरू व्हायचं राहिलं आहे. आणि भांडण असं टांगून ठेवून पंधरा दिवसांपूर्वी निघून जाणं तुला शोभलं नाही.

आपल्याकडे गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत, हे तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांत पुण्याकडचेही कोणी असतील. गोष्टीला दोन माणसं लागतात. एक सांगणारा, एक हुंकार देणारा. सांगणाऱ्यानं वाक्य टाकलं की दुसऱ्यानं 'हं' म्हणायचं, मधूनच 'मंग?' म्हणायचं, आणि गोष्ट फारच आभाळात गेली तर 'होय का बे?' म्हणून तिला टेकू द्यायचा. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, मग राजकन्या राक्षसाच्या तावडीत असली तरी असू दे. चौथीपासून माझा हुंकार तू. तीन दिवस शाळा बुडवली तेव्हा मी गुरुजींना सांगितलं, वाटेत अस्वल बसलं होतं, तीन दिवस उठलंच नाही. गुरुजींनी छडी उचलली आणि तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "हं." छडी खाली गेली. वर गुरुजींनीच काळजीनं विचारलं, "आता गेलं का रे ते?"

पुढे मी देवरी-चिचगड गाडीवर कंडक्टर झालो आणि गोष्टींना रानच मोकळं मिळालं. जंगलात वाघ पुढच्या दारानं गाडीत चढला, उभ्यानं जाणार म्हणून मी त्याला अर्धं तिकीट दिलं, आणि उतरताना तो शेपटीनं घंटी वाजवून गेला, ही गोष्ट तू निदान दोनशे वेळा ऐकली असशील. दोनशे वेळा 'हं'. एकदाही कंटाळला नाहीस. दुसरा कोणी असता तर लोकांकडे पाहून डोळा मारला असता. तू कधी मारला नाहीस, आणि त्यामुळे माझ्या गोष्टी चालल्या.

तुझं 'हं' साधं नव्हतंच. गावच्या तलावाचं पाणी वाटायचं काम आजोबांकडून तुझ्याकडे आलेलं. तुडूम, म्हणजे तलावाचं दार, उघडून पाणी सोडायचं, कोणाच्या बांधीत धानाला किती वेळ द्यायचं ते ठरवायचं. सख्ख्या भावाची वेळ संपली म्हणून त्याचं पाणी बंद केलंस आणि त्याच्या घरचं बोलणं सहा महिने बंद करून घेतलंस. अशा माणसानं 'हं' म्हटलं की गोष्ट सातबाऱ्यावर चढली. लोक ऐकायचे माझं, विश्वास ठेवायचे तुझ्यावर.

आता ती बेटाची गोष्ट. चार वर्षांत ती मी लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना सांगितली. गोंदियातल्या चहाच्या टपऱ्यांवर ती मला न विचारता परस्पर सांगितली जाते. त्या गोष्टीत मी, रेखलाल, साठी गाठलेला, कमरेला पट्टा आणि पायाखाली फळी बांधून, घरावर घालता येईल एवढ्या पतंगाच्या जोरावर समुद्रावरून उडतो. खाली कोळी नावा थांबवून हात जोडतात. आणि तू, खेमराज, मागून गाळातल्या रेड्यासारखा ओढला जातोस, नाकातोंडात पाणी, धोतर एकीकडे आणि तू एकीकडे. धोतरापाशी लोक हमखास हसतात. तू उभ्या जन्मात धोतर नेसला नाहीस. पण तिथंही तू 'हं' म्हणालास.

खरं याच्या नेमकं उलट आहे. उडायचं सोड, पण पाण्यावर उभा राहिला तो तू. रेड्यासारखा ओढला गेलो तो मी. नावानिशी हे तिघांनाच ठाऊक होतं: तुला, मला आणि तिथं शिकवणाऱ्या सेल्वीबाईंना. सेल्वीबाईंना मराठी येत नाही. तू गेलास. उरलो मी, आणि माझं बोलणं खरं मानायची या जिल्ह्यात कोणाला सवय नाही.

त्या वर्षी पोळ्याला शांता गेली. माझी बायको गेली हे मी कोणाला सांगितलंच नाही, ज्याचं त्यानं पाहून घेतलं. मुलानं मला गावातून उचलून गोंदियाजवळ फुलचूरला आपल्या घरी आणलं. घर चांगलं, सून चांगली, खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसायची. माझं बोलणं थांबलं. रागानं नाही. तोंड उघडावं तर आत शेवटच्या थांब्यावरच्या गाडीसारखं वाटायचं, दिवे चालू आणि माणूस एक नाही. तू दर आठवड्याला गावाहून मोटारसायकल दामटत यायचास आणि माझ्यासमोर बसायचास.

"सांग नं बे काही."

"काही नाही."

"वाघाचं सांग."

"वाघ मेला."

"हं," तू म्हणायचास, चहा प्यायचास आणि जायचास. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

मग प्रणालीचा फोन आला. तुझी लेक बंगळुरूत नोकरी करते आणि सुट्टीत पतंगाला बांधून घेऊन समुद्रावरून घसरते, हे गावात समजावून सांगायची तुझी कधी छाती झाली नाही. संक्रांतीनंतर तिनं स्वतःसाठी आणि मैत्रिणीसाठी रामेश्वरच्या बेटावर पाच दिवसांची शिकवणी ठरवली होती. ऐनवेळी दोघींची रजा नाकारली. दोन जागा रिकाम्या जाणार होत्या.

"मी जातो," तू म्हणालास. "रेखलालले घेऊन जातो."

"बाबा, तिथं आपण पतंग उडवत नाही. पतंग आपल्याला उडवतो."

"मंग तं बरंच हाय. लहानपणापासून म्याच उडवून रायलो. त्याचीबी पाळी येऊ दे."

तुझ्या घरी कुंतावहिनींनी बॅगेत पुऱ्यांचा डबा ठेवता ठेवता हुकूम सोडला, "रामेश्वरले चाल्ले नं? मंग तीर्थ आणा. बावीस कुंडांत आंघोळ करा. आन् ते पतंगाचं कोनाले सांगू नका जी, लोक हासतीन." त्यामुळे गावानं आपल्याला तीर्थयात्रेला धाडलं. नारळ दिले, कुंकू लावलं, एका म्हातारीनं नवऱ्याच्या नावानं समुद्रात सोडायला मूठभर तांदूळ फडक्यात बांधून दिले. मी गाडीत बसलो तो तुझ्या आग्रहानं, आणि चेन्नईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

समुद्र पाहिला तेव्हा मात्र आतून काही हललं. आपल्या जिल्ह्यातले सगळे तलाव, बोदलकशासकट, त्यात ओतले असते तर समुद्रानं विचारलंही नसतं कोण आलं म्हणून. इकडे लोक शेकोटीला चिकटलेले आणि तिकडे पौषात अंगातून घामाच्या धारा. तू चपला हातात घेऊन पाण्यात उतरलास, ओंजळ भरून चाखलीस, थुंकलास आणि म्हणालास, "एवढं पानी, आन् एका बांधीच्या कामाचं नाही."

शिकवणीला बाकी सगळी पोरं-पोरी. त्यात आपण दोघं, डोक्यावर हेल्मेट, अंगात फुगीर जॅकेट, कमरेला बैलाच्या जोत्यासारखा पट्टा. सेल्वीबाई चाळिशीच्या, कोळ्याच्या घरच्या, आवाज असा की वाराही थांबून ऐकायचा. हिंदी मोडकं, पण आपल्या गोंदियातलं तरी कुठं सरळ आहे? पतंगाच्या दोऱ्या एका दांड्याला बांधलेल्या असतात, त्याला बार म्हणतात. बार जवळ ओढला की पतंग जोर धरतो, सोडला की निवतो. सगळी विद्या एवढीच. आणि घाबरलेला माणूस नेमका ओढतो.

"अप्पा, पकडो मत! छोडो! छोडो!" सेल्वीबाई ओरडायच्या.

मी सोडला नाही. पहिल्या दिवशी वाळूवरच पतंगानं मला तोंडावर पाडून असा खेचत नेला की थांबलो तेव्हा माझ्या जॅकेटात तीन शंख, एक खेकडा आणि कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल होती. चप्पल खरी आहे. बाकीचं माझ्या स्वभावाला धरून समजावं. पोरं हसली. तू धावत आलास.

"लागलं का बे?"

"नाही."

"सोडाले काऊन होत नाही तुले? संक्रांतीचा पतंग हाय समज नं. ढील दे."

तुला ढील देणं जन्मापासून येत होतं. तलावाच्या पाळीवर उभा राहून तू मांजा असा सोडायचास की पतंग दिसेनासा व्हायचा आणि तुझ्या तोंडावर काळजी म्हणून नसायची. मला कधीच जमलं नाही. हातातलं सुटलं की माझा जीव जायचा. त्या वर्षी तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी पाण्यात तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी कंबर गेली असं जाहीर केलं आणि माडाच्या झावळ्यांच्या सावलीत जाऊन बसलो. तू एकटा उतरलास. दिवसभर पडत राहिलास. पालथा पडलास, उताणा पडलास, एकदा तर फळी पुढे गेली आणि तू मागं बसून राहिलास, बस निघून गेलेल्या उतारूसारखा. संध्याकाळी बाहेर आलास तेव्हा भुवयांवर मीठ साचलं होतं आणि डोळे लालभडक. अकरा इडल्या खाल्ल्यास. अकराच, मी वाढवत नाही.

चौथ्या दिवशी पाण्यात जाताना तू तुझा फोन माझ्या हातात दिलास.

"उभा रायलो तं व्हिडिओ काढजो. प्रणालीले दाखवीन."

"आन् नाही रायला तं?"

"तं समुद्राचा काढ. तेवढंच कुंताले दाखवता येईन."

मी वाळूत उभा. फोन हातात, तू चौकटीत, लाल ठिपका बोटाखाली. आणि तू उभा राहिलास. तो क्षण पुढे सांगतो, त्याची जागा पुढे आहे. आधी माझं सांगू दे. मी ठिपका दाबला नाही. चार वर्षं मी हे स्वतःलासुद्धा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं: ऊन होतं, पडदा दिसत नव्हता, बोट ओलं होतं. ऊन होतं हे खरं. पण मला सगळं दिसत होतं आणि मनात एकच होतं, हा माझा हुंकार देणारा, हा तिकडे गोष्ट झाला आणि मी काठावर राहिलो. शांता गेल्यानंतर मला पहिल्यांदाच काही वाटलं, आणि ते हे वाटलं. माणसाला काय वाटावं यावर त्याचा हात असता तर मी दुसरं काही निवडलं असतं.

तू पाणी तुडवत आलास. धापा टाकत होतास.

"निंगला का रे?"

"फोनात पानी गेलं," मी म्हणालो.

फोन ठणठणीत कोरडा होता. तू तो माझ्या हातातून घेतलास. मागून पुढून पाहिलास. सावलीत वाळत टाकलेला तुझा सदरा उचललास आणि त्या सदऱ्याच्या कोपऱ्यानं तो कोरडा फोन नीट पुसलास.

"हं," तू म्हणालास.

पाचव्या दिवशी वारा पडला. कोणाचाच पतंग उठला नाही, त्यामुळे दुसरी संधी ना तुला मिळाली ना मला. आपण देवळात गेलो, बावीस कुंडांचं पाणी अंगावर घेतलं, म्हातारीचे तांदूळ सोडले, तीर्थाची बाटली भरली.

परतीच्या गाडीत नागपूरकडचं एक कुटुंब समोर बसलं होतं. त्या गृहस्थानं सहज विचारलं, "रामेश्वर का? दर्शन झालं का मस्त?" आणि माझं तोंड उघडलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा, मला न विचारता. "दर्शनाचं काय घेऊन बसले," मी म्हणालो, "मी समुद्रावरून उडून येऊन रायलो."

तू खिडकीशी बसला होतास. वळलास. मला वाटलं, आता मेलो. तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस, अस्वलाच्या वेळीसुद्धा एवढा वेळ लावला नव्हतास. मग वर मांडी घातलीस, थोडा पुढे सरकलास.

"हं," म्हणालास. "मंग?"

मी बल्लारशापर्यंत बोललो. पुऱ्या खाता खाता बोललो, हात धुता धुता बोललो. त्या बाईंनी डबा आवरला, मुलं झोपली, तरी बोललो. माझ्या तोंडून तुझं उभं राहणं निघत होतं, फक्त त्यावर मी उभा होतो.

गावात तर पुढचाच प्रकार. वेशीवर डफडं वाजलं, आपले पाय धुतले, ओवाळलं. तीर्थाहून आलेल्याच्या तोंडून वाटेचं ऐकलं की ऐकणाऱ्यालाही थोडं पुण्य लागतं, असं आपल्याकडे म्हणतात, म्हणून अख्खं गाव मारुतीच्या देवळापुढे पुण्य घ्यायला बसलं. मध्ये ती बाटली. तीर्थ समोर ठेवून थाप मारणारा मी जिल्ह्यातला पहिलाच असेन. ती थाप परत घेता येणार नाही, हे तेव्हा कळायला हवं होतं. तू शेजारीच होतास. प्रत्येक वाक्याला 'हं'.

एकदाच तू तो विषय काढलास. गेल्या उन्हाळ्यात पाळीवर बसलो होतो, तलाव तळाला गेला होता.

"रेखलाल, तो फोन…"

"काय?"

"काही नाही."

"बोल नं बे."

"नाही. चांगला फोन होता म्हणून रायलो."

मी हसलो, तूही हसलास. खेमराज, इथं आपलं भांडण व्हायला हवं होतं. तू म्हणायला हवं होतं, काऊन केलं बे तू असं? मी एक खोटं बोललो असतो, मग दुसरं, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला खरं निघालं असतं. माझं खरं त्याशिवाय निघत नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मग थांबलास कायले? मी घरी येऊन तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तू विचारलं नाहीस याचा राग धरला. असा मी.

परवा तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, मंडळी मांडवात सुपारी कातरत बसली होती. तुझा चुलतभाऊ गेंदलाल म्हणाला, "रेखलालभाऊ, ते समुद्राचं सांगा जी. खेमराजले लय आवडे." दारात बायका बसल्या होत्या, त्यांत कुंतावहिनी. प्रणाली मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती.

सवयीनं मी सुरू केलं. "तं मी कमरेले पट्टा बांधला," म्हणालो आणि थांबलो, तुझ्यासाठी. मांडवात चाळीस-पन्नास माणसं होती. कोणाला सुचलं नाही. एक जण खोकला. खोकल्यावर गोष्ट पुढे जात नाही.

मी उभा राहिलो. "म्या नाही उडलो," म्हणालो. "उभा रायला तो खेमराज. पाण्यावर. म्या काठावर होतो. चार वर्ष म्या त्याचं आपल्या नावावर खपवलं."

मग गेंदलालनं मांडीवर थाप मारली. "वा भाऊ! आज खेमराजले उडवलं! याले म्हणतात मान ठेवनं."

"खरं सांगून रायलो, गेंदलाल."

"आमाले का मालूम नाही? वाघाचंबी खरंच हाय."

मांडव हसला. तेरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा हसू आलं होतं, ते थांबवायची माझी छाती झाली नाही. पण मी पुन्हा म्हणालो, शांताची शपथ घेतली. तेव्हा कुंतावहिनी उठून पुढे आल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आज तरी खोटं नका बोलू."

"वहिनी…"

"त्यायनं मले सोता सांगतलं होतं. आले त्या दिवशी, वट्यावर बसले नं, तं पयली गोष्ट हेच बोलले. म्हणे कुंता, रेखलाल बोलाले लागला. गाडीत बसल्यापासून तोंड बंद नाही त्याचं. लय खुश होते. मंग म्हणे, तो उडला वो, म्या आपल्या डोयानं पायलं. म्या हासली. म्हटलं, भाऊजी फेकत असतीन. तं मायावर आवाज चढवला. कधी चढवत नोयते. म्हणे, उडला म्हटलं नं तो! कोनी इचारलं तं हेच सांगजो." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन् ते खोटं बोलत नोयते, भाऊजी. तुमालेबी मालूम हाय."

मला मालूम आहे. मी खाली बसलो. लोकांना वाटलं, रेखलालची थाप पकडली गेली. आणि मी गाडीतल्या त्या तुझ्या पाहण्याकडे पुन्हा पाहत होतो. चोराकडे पाहतात तसं ते नव्हतं. पाच महिने बंद पडलेलं इंजिन सुरू झालं होतं आणि तू कान देऊन त्याचा आवाज ऐकत होतास. ते कोणाच्या डिझेलवर चाललंय, हे तू विचारलं नाहीस. सख्ख्या भावाला घटकाभर जास्त पाणी न देणारा तू, मला अख्खा समुद्र देऊन टाकलास आणि वर तुझ्या घरात त्याची पक्की नोंद करून ठेवलीस. आता ती खोडायला मी कोणाकडे जाऊ? तू विचारलं नाहीस म्हणून मी राग धरला होता, तो कुठं ठेवू?

दुपार कलली, माणसं पांगली. प्रणाली दोन कप चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"काका, एक विचारू? मला खरं सांगा."

"विचार."

"बाबा उभे राहिले म्हणता. तेव्हा बार ओढला होता की सोडला होता?"

"सोडला होता. संक्रांतीला ढील देते तसा."

ती हसली नाही. "ते तर पहिल्या दिवशी सगळ्यांनाच सांगतात. पडले कसे?"

लाट आली म्हणता आलं असतं. वारा फिरला म्हणता आलं असतं. दोन्ही माझ्या तोंडाशी आलं होतं.

"मागं पाहिलं त्यानं," मी म्हणालो. "सेल्वीबाई ओरडत होत्या, सामने देखो अप्पा, सामने. त्यानं मान वळवली. काठाकडे पाहिलं, माझ्याकडे. एक हात वर केला. मी व्हिडिओ काढतो का नाही, ते पाहत होता."

तिनं कप खाली ठेवला. मागं पाहिलं की माणूस पडतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

"पण फोनमध्ये पाणी गेलं होतं ना?"

"नाही गेलं. म्या बटण दाबलं नाही."

"का?"

"तो उभा होता म्हणून."

एवढं लाजिरवाणं कोणी आपल्या नावावर रचून सांगत नाही, एवढं तिला कळलं असावं. मला वाटलं, उठून जाईल. गेली असती तर बरं झालं असतं. पण ती तिथंच गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि म्हणाली, "सांगा मग. फक्त बाबांचं सांगा."

मी सांगितलं. पाणी मांडीपर्यंत होतं. वारा डावीकडून होता. तू फळीवर पाय रोवून पाण्यात बसला होतास, पतंग डोक्यावर. मग पतंग खाली झुकला आणि तू वर आलास. गुडघे वाकलेले, फळी थरथरत होती, तोंड उघडं. ओरडला नाहीस. नांगरलेल्या एका होडीपासून दुसरीपर्यंत गेलास, दहा-बारा श्वास लागले असतील. फळीखाली पाणी फाटल्याचा आवाज येत होता. एक फूटही उडाला नाहीस. नुसता उभा होतास.

चहा निवायच्या आत संपलं.

"आणखी?" तिनं विचारलं.

हा शब्द कोणी म्हटला आणि मी गोष्ट दोन कोस वाढवली नाही, असं कधी झालेलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. तू पाहायचास तशीच, न हसता, वाट बघत. मी आठवून पाहिलं, खेमराज. खूप आठवून पाहिलं. पण तू वळून हात वर केलास तेव्हा मी मान खाली घातली होती. तुझा चेहरा कसा होता, हसत होतास की मला काही ओरडून सांगत होतास, ते मी पाहिलंच नाही.

"एवढंच, बेटा," मी म्हणालो.